टिमकी काय म्हणत होती

सोलापूर
३ ऑक्टोबर २०२४

आत्या, नमस्कार.

आज घट बसले. तुझ्याकडे ब्लाउजांची गर्दी असेल. हे पत्र मशीनच्या फळीवर ठेवून तू तुकड्या-तुकड्यानं वाचशील, असं धरूनच लिहिते आहे. फोन केला असता तर तो शेजारच्या शिवबाईंनी उचलला असता, त्यांनी तुला विचारून मला सांगितलं असतं, आणि सगळं चार वाक्यांत उरकलं असतं. दुभंगलेल्या टाळूमुळं तुला फोन नको वाटतो. मला तुझं अक्षर वाचायला आवडतं. म्हणून पत्रच.

बातमी अशी की अप्पांचा सत्कार ठरला आहे. इथल्या बालचित्र मंडळानं रविवारी ८ डिसेंबरला सकाळी दहा वाजता कार्यक्रम ठेवला आहे. खरं सांगायचं तर मीच त्यांच्या मागे लागले. अप्पा आता एकोणऐंशीचे झाले. दोन जिने चढले की पाच मिनिटं बोलता येत नाही. श्रीशैल टॉकीज पाडून तिथं गाड्या लावायची जागा झाली, आणि तिथं सव्वीस वर्षं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये उभा राहिलेला माणूस कुणाला माहीत नाही. पण पन्नाशीच्या आसपासच्या सोलापूरकराला 'टिमकी खार' म्हटलं की तो लगेच नाकात बोलायला लागतो. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनीही परवा करून दाखवलं. मी ग्रंथालयात कपाटाला टेकून हसले.

मंडळासाठी मी अप्पांवर लेख लिहिते आहे. तुला ठाऊक असलेलंच थोडं सांगते, म्हणजे काही चुकत असेल तर तू सुधारशील. रविवारी सकाळी इंग्रजी कार्टूनची जुनी रिळं लागायची. मिलमधल्या कामगारांच्या पोरांना त्यातलं काही कळायचं नाही. मग अप्पांनी जाहिरातीच्या स्लाइडसाठी ठेवलेला माइक घेतला आणि केबिनमधून मराठीत सांगायला सुरुवात केली. पोलीस कुत्र्याच्या टोपीत अंडं फोडणारी, रस्त्यावरच्या रोलरखाली चपटी होऊन परत फुगणारी ती येडी खार. तिचं नाव त्यांनीच टिमकी ठेवलं. आधी टिमकीची नाकातली बडबड आणि मग 'म्हणतीया' म्हणून तिचा अर्थ. पोरं अर्थाआधीच हसायला लागत.

माळ्यावर त्या काळची एक कॅसेट सापडली आहे. ग्रंथालयातल्या मुलाकडून ती संगणकावर उतरवून घेतली.

तू यावंस. मी भाड्याची गाडी करून मोडनिंबला येईन. तू छत्तीस वर्षांत सोलापुरात पाऊल टाकलं नाहीस. आम्हाला सांगितलं जायचं की तुला शहराचं पाणी मानवत नाही. एका दिवसाचं पाणी मी बाटलीत भरून देईन.

आणि मला तुझी आठवण लिहून पाठव. एका रविवारी तू मला घेऊन गेली होतीस. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून मी तुझ्या मांडीवर बसले होते. तू हसून हसून रडलीस आणि पदरानं डोळे पुसलेस. माझ्या वहीत हे लिहिलेलं आहे.

तुझी,
श्रीदेवी


मोडनिंब
१४ ऑक्टोबर २०२४

चि. श्रीदेवीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अण्णाचा सत्कार होतोय हे वाचून बरं वाटलं. त्याचा दम वाढलाय हे तू मागच्या वेळी कळवलं नव्हतंस. त्याला जिने चढायला लावू नका.

मला येणं जमणार नाही. दिवाळीपर्यंतची कामं घेतली आहेत आणि पुढं लग्नसराई. डोळ्यांना चष्मा लागून वर्ष झालं, सुईत दोरा ओवायला शिवबाई लागते.

माझ्या आठवणी तुझ्या लेखाला उपयोगी नाहीत. मी एकदाच गेले होते.

एक विचारायचं आहे. कॅसेटवर तारीख घातली आहे का? आणि त्यात ती खार खुर्चीला बांधलेली आहे का? म्हणजे चित्र दिसत नाही हे कळतं, पण सांगण्यावरून समजेल. कॅसेट जुनी आहे, फार वेळा लावू नये. फार जणांत तर नकोच. जुन्या वस्तू हाताळल्या की तुटतात.

अण्णाला माझा नमस्कार सांग. तू जेवणाच्या वेळा पाळतेस का? तुझं अक्षर बारीक झालंय.

आत्या


सोलापूर
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

काळजी करू नकोस, कॅसेट आता कपाटात आहे. संगणकात उतरवलेलं हजार वेळा लावलं तरी काही तुटत नाही.

वेष्टणावर अप्पांच्या अक्षरात १७ जानेवारी १९८८ लिहिलंय. गड्ड्याची जत्रा चालू असणार, गर्दीचा आवाज तसाच आहे. आणि हो, खुर्चीचा भाग आहे. कुत्रा टिमकीला खुर्चीला बांधून राजापुढं नेतो, ती खुर्चीसकट उड्या मारते. सगळ्यात मोठा हशा तिथंच आहे. एवढ्या वर्षांनी तुला नेमका तोच भाग आठवला, याचा अर्थ तुला वाटतं त्यापेक्षा जास्त आठवतंय. माझी वही खोटं सांगत नाही.

आवाज खरखरीत आहे. मी एकदाच ऐकलंय, तेही वाचकांची ये-जा चालू असताना. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा, खुर्चीचाच, मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत साठ-सत्तर जणांचे निरोप आले. एक गृहस्थ दुबईहून लिहितात की डोळे भरून आले.

सगळ्यात मोठी गोष्ट अप्पांची. रोज सकाळी चहाच्या आधी ते बाल्कनीत उभे राहून टिमकीचा आवाज काढून बघतात. चार शब्दांत धाप लागते, मग खुर्चीत बसतात, मग परत. गेल्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून काही केल्याचं मला आठवत नाही. काल म्हणाले, "सुंदरीला बोलाव. बहीण न्हाय तर सत्कार कशाचा?"

आता तरी हो म्हण. ब्लाउज एक दिवस थांबतील. तू का येत नाहीस, याचं एक खरं कारण दे. मी पुन्हा विचारणार नाही.

श्रीदेवी


मोडनिंब
६ नोव्हेंबर २०२४

चि. श्रीदेवीस,

तू खरं कारण मागितलंस. हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन चुलीत घातली.

मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा तू सात वर्षांची होतीस. माझं वय तीस होत आलं होतं. आई गेली होती आणि बाबांनी माझं लग्न अण्णावर सोपवलं होतं. मुलगी दिसायला बरी, शिवण येतं, दहावी पास, एवढं बोलून होईपर्यंत सगळं ठीक चालायचं. मग कुणीतरी म्हणायचं, मुलीला काहीतरी विचारा. मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडं बघायच्या. पुरुष चहाच्या कपात बघायचे. तिसऱ्यांदा, कुर्डुवाडीचे लोक यायचे होते त्या दिवशी सकाळी, मी अण्णाला स्वयंपाकघरात गाठून काही बोलले. आयुष्यात त्याच्याकडं मी तेवढंच मागितलं. तू पाटावर बसून पोहे खात होतीस.

त्यानं ऐकलं नाही. मी बसले. ते लोक परत गेले.

त्यानंतरच्या रविवारी तू हट्ट केलास म्हणून मी तुला घेऊन टॉकीजला गेले. खालच्या मजल्यावर, बायकांच्या बाजूला. ती खार खुर्चीला बांधलेली होती आणि भोंग्यातून माझा आवाज आला. नुसता माझ्यासारखा नाही. मी स्वयंपाकघरात जे म्हटलं होतं तेच, अक्षर न अक्षर, तसंच नाकातून. आणि चारशे माणसं हसली. तू मांडीवर उड्या मारत होतीस. मी डोळे पुसले ते तुला दिसलं, एवढी तुझी वही बरोबर आहे.

लोकांना ती बडबड वाटते. बडबड नाही. घर शांत असेल तेव्हा ऐक. तुला कळेल. माझं बोलणं सोलापुरात कुणाला सगळं कळत असेल तर ते तुलाच.

नंतर बोळातल्या पोरी मला बघून तसं करायच्या. ते मी सहन केलं असतं. बाहेरचं माणूस सहन होतं.

अण्णानं त्यानंतर दर दिवाळीला मला साडी पाठवली. मी दर वर्षी ती नेसले. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मलाही आता त्याला म्हातारपणी काही ऐकवायचं नाही. सत्कार करा, हार घाला, शाल द्या. फक्त ती कॅसेट लावू नकोस, आणि कुणाला देऊ नकोस. मी एवढंच मागते.

आत्या


सोलापूर
१३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

अप्पा दवाखान्यात तपासायला गेले होते तेव्हा मी दार लावून ऐकलं. कानात इअरफोन घालून, तीनदा.

पहिल्यांदा नुसता आवाज होता. दुसऱ्या वेळी मला एकदम तू दिसलीस, ओट्याला पाठ लावून, हातात गाळणं. तिसऱ्या वेळी मी वहीत लिहून घेतलं. तुझी वाक्यं तुलाच परत लिहून पाठवावीत का, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी असं वाटलं की ती कुणालातरी कळली आहेत, याचा पुरावा तुझ्याकडं असावा.

"अण्णा, मला त्यांच्यासमोर बसवू नको. बोलायला लावू नको. मी चहा आणून ठेवते आणि आत जाते."

त्यापाठोपाठ अप्पांचा साधा आवाज येतो: "म्हणतीया, खुर्ची जरा मऊ बघा की, मला बूड हाय का न्हाय!" आणि हशा. त्या हशात जवळच एक लहान मुलीचा आवाज फार चिरका आहे. केबिनच्या भोंग्यावरून भरलेल्या कॅसेटवर खालच्या मजल्यावरची एक मुलगी ओळखू येणं शक्य नाही, हे मी स्वतःला सांगते. तरी तो मला माझाच वाटतो.

यापुढचं लिहिणं मला अवघड आहे, म्हणून सरळ लिहिते.

तू अण्णाशी बोलत होतीस तेव्हा मी पाटावर होते. घरी पाहुणे आले की मी तुझ्या शेजारी बसून तू म्हणालेलं सांगायची, ते तुला आठवत असेल. आधी तू बोलायचीस आणि मग मी. त्या कामाचा मला गर्व होता, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. कुर्डुवाडीचे लोक परत गेले त्या संध्याकाळी अप्पा जेवत नव्हते. कुणाशी बोलत नव्हते. त्यांना हसवायला म्हणून मी ताटावर बसून तुझी नक्कल केली. सकाळची तीन वाक्यं, तशीच्या तशी. त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "परत कर गं." मी परत केली. मग म्हणाले, "आदी आवाज, मग अर्थ. असंच सांगायचं."

आत्या, हे वाक्य मी लेखात घातलं होतं. अप्पांची सांगण्याची पद्धत म्हणून. ते मला इतकी वर्षं आठवत होतं, आणि ते कशाबद्दल म्हटलं होतं ते मात्र आठवत नव्हतं. किंवा आठवायचं नव्हतं. २००३ च्या वहीत मी 'आत्या हसून हसून रडली' असं लिहिलंय आणि त्याखाली रेघ मारली आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण सात वर्षांच्या मुलीनं बघितलेलं बाविसाव्या वर्षी उतरवताना मी एकदाही थांबून विचारलं नाही की तू कशाला हसली असशील.

तो आवाज अप्पांनी तुझ्याकडून उचलला नाही. मी आणून दिला.

मी हे तुला का सांगते आहे, हेही नीट तपासलं. तू एकट्या अप्पांना दोषी धरून बसली आहेस आणि ते अन्यायाचं आहे, हे एक कारण. तू 'जाऊ दे' म्हणावंस, हे दुसरं. दुसरं पहिल्यापेक्षा कमी असेल अशी आशा आहे, खात्री नाही.

ग्रुपवरचा तुकडा मी काढून टाकला. तो आधीच कुणी कुणी पुढं पाठवला आहे. किती जणांनी, ते मला कळायला मार्ग नाही. मंडळाला सांगितलं की कॅसेट लागणार नाही. कारण सांगितलं नाही. चिटणीस म्हणाले, "मॅडम, आवाजच न्हाय तर सत्कार कशाचा करायचा?" तरी कार्यक्रम ठेवला आहे.

अप्पांशी अजून बोलले नाही.

श्रीदेवी


सोलापूर
९ डिसेंबर २०२४

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. ते यायला हवं होतं असंही नाही. तरी काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते.

सत्काराच्या आधी चार दिवस मी अप्पांना सांगितलं. तू पत्रात काय लिहिलंस ते, आणि मी काय ऐकलं ते. ते दाढी करत होते. साबण तोंडावर तसाच राहिला.

म्हणाले, "लई जुनं झालं की ते."

मी म्हटलं, जुनं झालं म्हणून तिला यायला जमतंय असं नाही. मग मी त्यांच्या वतीनं बोलायला लागले. हीही माझी सवयच. म्हटलं, अप्पा, तुम्हाला ती नुसती नक्कल वाटली असेल. त्या संध्याकाळी नक्कल करताना मी काय म्हणत होते ते तुम्हाला कळलं नसेल.

त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "कळत हुतं मला. लहानपणापासनं माझ्यासंगं वाढली ती. तुझ्याइतकं न्हाय, पन कळत हुतं."

"मग?"

"राग आला हुता. तिसरे बी परत गेले. मला लई राग आला हुता."

"त्यांचा?"

"तिचा."

नंतर टॉवेलनं तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच. "मानसं हसली आन् राग गेला. एकदम गेला बघ. म्हनून पुढच्या रविवारी बी तेच केलं. मग लोक तेच मागाय लागले." टॉवेल खुंटीला अडकवत म्हणाले, "मला दुसरं काय येत हुतं, श्रीदेवी? त्या एका आवाजावर मी जगलो."

मी त्यांना समजून घेत होते आणि समजून घेतल्याबद्दल मला स्वतःचा संताप येत होता. दोन्ही एकाच वेळी. अजूनही तसंच आहे.

कार्यक्रम रद्द करावा का, मी विचारलं. "जातो," म्हणाले. "आवाज काढत न्हाय. शाल घिऊन येतो."

कालचा हॉल भरला होता. शाल झाली, हार झाला. मग माझ्याहून थोडी मोठी माणसं, पोट सुटलेली, नातवंडं मांडीवर घेतलेली, लहान पोरांसारखी ओरडायला लागली: टिमकी, टिमकी. चिटणीसांनी माइक अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी तो तोंडाजवळ नेला. मी पहिल्या रांगेत होते आणि मला त्यांचा घसा हललेला दिसला. मग ते म्हणाले, "आवाज गेला माझा. वयामुळं." माइक परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हळहळले.

तिथंच संपायला हवं होतं. तिसऱ्या रांगेतून एक जण उठला, म्हणाला, काका, काळजी नको, आमच्याकडं आहे, आणि त्यानं आपला फोन माइकला लावला. मी टाकलेला तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा. मी उठून पोचेपर्यंत तो वाजून झाला होता. तीन वाक्यं, आणि मग खुर्ची मऊ बघा. सगळा हॉल हसला. आत्या, तुला वाटेल मी वाढवून लिहिते, पण काही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी होतं. ती वाईट माणसं नाहीत. मीही त्यांच्यातलीच होते.

अप्पा व्यासपीठावर शाल पांघरून बसले होते. ते माझ्याकडं बघत राहिले. मी माइकवर जाऊन ते काय आहे ते सांगू शकले असते. तसं केलं तर तुझी गोष्ट तुला न विचारता पुन्हा एकदा भोंग्यावर जाईल असं वाटलं, म्हणून गप्प बसले. हे कारण खरं होतं की सोयीचं, याचा निकाल मला लावता येत नाही.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "खोटं बोललो. आवाज हाय अजून."

तू एकच गोष्ट मागितली होतीस. ती माझ्याकडून झाली नाही.

अप्पा आज सकाळी बाल्कनीत गेले नाहीत. दोनदा विचारलं, मोडनिंबला दुपारची गाडी किती वाजता असते. मी सांगितलं नाही. आधी तुला विचारायला हवं.

श्रीदेवी


मोडनिंब
१७ डिसेंबर २०२४

श्रीदेवीस,

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. पहिल्याला उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू जे कबूल केलंस ते मला ठाऊक होतं. त्याच दिवशी, टॉकीजमध्ये बसल्या बसल्या कळलं. अण्णाला माझं बोलणं समजायचं, पण त्याच्या तोंडी ते कधी बसलं नव्हतं. घरात ते एकाच तोंडी बसलेलं होतं.

म्हणून मी गेले. बोळातल्या पोरींमुळं नाही, अण्णामुळंही नाही. त्या रविवारनंतर तू शेजारी येऊन बसलीस की मला बोलायची भीती वाटायला लागली. तुला वाढवताना मी दिवसभर बोलत असे. एवढं मी दुसऱ्या कुणाशी बोलले नव्हते. मग तू माझ्या तोंडाकडं बघायला लागलीस की मी पदर ओठांवर धरायची. सात वर्षांच्या पोरीला घाबरणं मला शोभत नव्हतं, पण घाबरत होते. शेवटी मावशीकडं निघून आले.

मी माफ केलं असं लिहावं म्हणून बसले तर हात थांबतो. माफ केलं नाही असंही नाही. तू लहान होतीस हे मला तेव्हाही कळत होतं. ते कळूनही मी गेले. तेव्हा आता तू त्याचा निकाल लावत बसू नकोस. वहीत लिहायचं तर एवढंच लिही की आत्या घाबरली होती.

आता दुसरं. ते तुझ्या कार्यक्रमाच्या आधीच इथं पोचलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिवबाई दुपारी काजं-बटणं करायला आली. तिच्या सुनेनं तिच्या फोनवर काही घातलं होतं. म्हणाली, "सुंदराक्का, ऐक की, लई भारी हाय. खार बोलतीया." लावलं. तीस वर्षं तिनं माझं बोलणं ऐकलंय. भांडणं ऐकली, मावशी गेली तेव्हाचं रडणं ऐकलं. ती हसत हसत माझ्या मांडीवर हात मारत होती आणि तिला काही ओळखू आलं नाही.

मी मशीन थांबवलं. तिला म्हटलं, परत लाव. तिनं लावलं. मग मी ते म्हटलं. तीन वाक्यं, माझ्याच तोंडानं, तिच्याकडं बघून. छत्तीस वर्षांत ती वाक्यं मी मनातसुद्धा म्हटली नव्हती.

शिवबाईचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग तिनं विचारलं, "कोन बसवत हुतं तुला?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाच वाजेपर्यंत. मध्ये दोनदा तिला कळलं नाही, तेव्हा मी थांबले आणि पुन्हा म्हटलं. जाताना फक्त एवढं म्हणाली, "मला वाटलं खारच बोलतीया."

तेव्हापासून विचार करते आहे. तो तुकडा आता कुठं कुठं गेला असेल. दुबईला गेलाय म्हणतेस. तो तुला परत आणता येणार नाही आणि मलाही नाही. तू त्यासाठी धावपळ करू नकोस. पण जो एक माणूस त्यातली वाक्यं कळूनही लोकांना हसवत राहिला, तो अजून आहे. त्याला दम लागतो, म्हणजे फार दिवस आहेत असं धरून चालता येत नाही.

अण्णाला शनिवारी घेऊन ये. शनिवारी मी शिवण घेत नाही. दुपारच्या गाडीत गर्दी असते, सकाळची धर, त्याला बसायला जागा मिळेल. स्टँडपासून रिक्षा कर, चालवू नकोस. साडी आणू नका.

घरात तो एकटा येईल. तू शिवबाईकडं बस, ती चहा देईल. तुला वाईट वाटेल, पण मला या वेळी शेजारी बसून सांगणारं कुणी नको. मी बोलेन, त्यानं ऐकायचं. त्याला एकदा कळलं नाही तर मी दुसऱ्यांदा सांगेन, आणि तरी कळलं नाही म्हणाला तर तिसऱ्यांदा. संध्याकाळची शेवटची गाडी सहाला आहे. तोपर्यंत तू दार वाजवू नकोस.

आत्या